अकरा तारीख, वीस तारीख आणि राहिलेलं बी.कॉम.

धायरीत राहणाऱ्या एका ३१ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

एस.वाय.बी.कॉम.ला असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कॉलेज सुटलं, ते सुटलंच. गेली नऊ वर्षं त्या सदाशिव पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात काम करतात. टॅली, बँक रेको (बँकेच्या नोंदी वहीशी जुळवणं), चाळीसएक क्लायंटची जीएसटीची रिटर्नं, सगळं त्यांच्याकडे. आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला येणारी मुलं त्यांच्याकडूनच शिकतात आणि दोन-तीन वर्षांत पुढे निघून जातात. सर म्हणतात, ‘तुला सीनियर करायला मला आवडेल, पण हातात डिग्री हवी.’ म्हणून ऑनलाइन बी.कॉम.चा विचार आहे. नवरा म्हणतो, ‘कर की, घरबसल्याच तर आहे.’ नणंद म्हणते, ‘ऑनलाइन डिग्रीला विचारतं कोण?’ एका ठिकाणाहून दिवसाला दोन-तीन फोन येतात की आज सीट बुक केली तर फीत सूट, बाकीची रक्कम हप्त्यानं. मुलगी पहिलीत आहे. गेल्या तीन वर्षांत त्यांनी तीन ऑनलाइन कोर्स घेतले, एकही पुरा झाला नाही. शेवटी लिहितात, ‘मला स्वतःहून अभ्यास करायची शिस्तच नाही. असली डिग्री मला झेपेल का, की पैसे पाण्यात जातील?’

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या शिस्तीच्या वाक्यापाशी अडखळले, कारण ते आधीच्या मजकुराशी जुळत नाही.

चाळीस क्लायंटची रिटर्नं म्हणजे दर महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि वीस तारखेला जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा). जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला. तेव्हापासून पोर्टल रखडलं असेल, एखाद्या क्लायंटनं एकोणीसच्या रात्री बिलांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले असतील, मुलगी तापानं फणफणली असेल. तरी वीस तारीख तुम्ही चुकवली नसणार. चुकवत असतात तर सरांनी नऊ वर्षं ठेवलंच नसतं. तर मग ही बिनशिस्तीची बाई कोण?

मला वाटतं, आपण शिस्तीला उगाच स्वभावात शोधतो. तुमची शिस्त त्या तारखांत आहे. वीस उलटली की दिवसाला ५० रुपयांप्रमाणे लेट फी चढायला लागते, क्लायंटचा फोन येतो, सर केबिनमधून हाक मारतात. तुमचे ते तीन कोर्स अर्धवट राहिले तेव्हा यातलं काही झालं का? कुणी हाक मारली? मोबाइलवर एक ईमेल येऊन पडला असेल, ‘तुम्ही बरेच दिवस दिसला नाहीत’, आणि तोही जाहिरातींच्या ढिगात गेला असेल.

यात तुम्ही एकट्याही नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन कोर्सांचा २०१२ ते २०१८ या काळाचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शेवटच्या वर्षी नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे शंभरात जेमतेम तीन होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र निम्म्याच्या आसपास लोकांनी पुरा केला. कोर्स तेच, मास्तर तेच. पैसे भरणारा माणूस मुळातच जास्त गरजू असतो हे खरं, पण गरज आणि गुंतलेले पैसे याही बाहेरच्याच गोष्टी झाल्या. म्हणून ते तीन अपुरे कोर्स पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवू नका. पदवी आणि कोर्स यांची जातकुळीच वेगळी.

पण म्हणून ‘तुम्हाला नक्की जमेल, घ्या प्रवेश’ असंही मी म्हणणार नाही. माझ्यावर काय बेतलं ते सांगते.

मी एम.ए. बाहेरून केलं. तेव्हा पुणे विद्यापीठात बहिःस्थ म्हणून नाव नोंदवता यायचं. आम्ही ‘एक्स्टर्नलला बसलेय’ असं म्हणायचो. दिवसभर नोकरी, संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून आणलेली जुनी पुस्तकं. पहिल्या वर्षी अभ्यास झाला होता, अगदी चांगला झाला होता. आणि परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. चूक माझीच. ऑफिसात सोबत शिकणारं कुणी नव्हतं, विद्यापीठात नोटीस लागली असेल तर ती बघायला मी गेले नव्हते. वर्ष गेलं. घरी मी सांगितलं की तयारी झाली नव्हती, कारण फॉर्म भरायचा राहिला हे सांगायची लाज वाटली. आज इतक्या वर्षांनी इथे पहिल्यांदा लिहितेय.

त्यातून मला एक कळलं. कॉलेजात शिकवतात किती, यावर वाद घालता येईल. पण कॉलेज आठवण करून देतं, यावर वाद नाही. नोटीस बोर्ड असतो, ऑफिसातले शिपाईकाका असतात, आणि मुख्य म्हणजे जिन्यात भेटणारी मैत्रीण असते, ‘अगं, फॉर्म भरलास का?’ म्हणणारी. बाहेरून शिकणारे लोक मला गेल्या काही वर्षांत पुष्कळ भेटले. त्यांच्यातले बरेच गळाले ते नापास होऊन नव्हे. असाइनमेंटची तारीख, परीक्षेचा फॉर्म, पुढच्या वर्षाची फेरनोंदणी, यांतलं काहीतरी हुकलं, मग ‘पुढच्या वेळी बघू’ झालं, आणि त्या पुढच्या वेळेला कधी मुहूर्त लागला नाही. आणि तारखा सांभाळणं हे तर तुमचं रोजचं काम! लोक मुदतवाढीची वाट बघत बसतात तेव्हा काय होतं, हे तुमच्या क्लायंटांकडे बघून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. विद्यापीठंही मुदतवाढ देतात, पण तिच्या भरवशावर बसायचं नाही.

तेव्हा झेपेल का, याचं उत्तर शोधायला स्वभावाकडे बघू नका, आठवड्याकडे बघा. आकडेमोड करूया, तुम्हाला सवय आहे.

दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे अंदाजे ३० तास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट. म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला २३ तास होतात. नोकरी, धायरीपर्यंतचा प्रवास आणि पहिलीतली मुलगी असताना आठवड्याला २३ तास कुठून आणणार? फोनवर सीट विकणारा हा हिशेब सांगत नाही. पण इग्नूसारख्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. सहा वर्षांवर पसरलं तर आठवड्याला साडेअकरा तास. सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास आणि रविवारी चार. हे अवघड आहे, पण अशक्य कोटीतलं नाही.

शिवाय ३६०० हा आकडा कोऱ्या पाटीच्या मुलासाठी आहे. लेजर म्हणजे काय, डेप्रिसिएशन कसं काढतात, हे तुम्ही आर्टिकलच्या मुलांना शिकवता. तुमचा वेळ खाणार अर्थशास्त्र, व्यावसायिक कायदा आणि सांख्यिकी. माझा अंदाज विचाराल तर चार ते साडेचार वर्षं. ‘तीन वर्षांची डिग्री साडेचार वर्षांत’ याची लाज मनातून आधीच काढून टाका, नाहीतर दुसऱ्या वर्षी एखादा पेपर राहिला की तीच लाज तुम्हाला घरी बसवेल.

आता ‘घरबसल्या’. या शब्दावर माझा राग आहे. तुमचे यजमान प्रेमानंच म्हणताहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडे घरात बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई. पुस्तक उघडून बसलेली दिसली की कुकर किती शिट्ट्यांवर बंद करायचा हे तिलाच विचारतात. पुरुष खोलीचं दार लावून बसला तर ‘बाबांचा अभ्यास चाललाय’ होतं. तेव्हा अभ्यास घरी करायचा हे गृहीतच धरू नका. तुमचं ऑफिस सदाशिव पेठेत आहे, आणि सदाशिव-नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसरात्र तिथे बसलेली असतात. महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता मिळते. सहाला ऑफिस सुटलं की लगेच बस पकडून सिंहगड रोडच्या गर्दीत ताटकळायचं, त्याऐवजी पावणेआठपर्यंत अभ्यासिकेत बसायचं. गर्दी ओसरलेली असते, घरी पोचायला होणारा उशीर घड्याळात वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. आजूबाजूला पंचवीस मुलं मान खाली घालून बसलेली असली की आपणही मोबाइल काढत नाही, हा फायदा वेगळाच.

तेवढा वेळ मुलीला कोण बघणार, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे आधी ठरवा. मुलीला रोज यजमान बघतील, स्वयंपाक तीन दिवस ते, दोन दिवस तुम्ही, असं काही. ‘कर की’ म्हणणाऱ्याला त्यातला वाटा उचलायला सांगण्यात वावगं काय? वार ठरवून कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. मोघम पाठिंबा पहिल्या महिन्यानंतर विरतो, मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

एक जरा अवघड प्रश्न विचारते, रागावू नका. ही पदवी तुम्हाला नक्की कशासाठी हवी आहे? पत्रातला सल त्या आर्टिकलच्या मुलांचा आहे. तुम्ही शिकवलं, ती पुढे गेली. पण ती पुढे जातात ती सीए होऊन. त्यांची बरोबरी करायला बी.कॉम. करत असाल तर चार वर्षांनी सल तिथेच असेल. सीनियरचं पद आणि पगार यासाठी असेल, तर आधी सरांशी नीट बोला. मुक्त किंवा ऑनलाइन पदवी त्यांना चालेल ना? पदवी हातात येईपर्यंत थांबायचं, की दोन वर्षं पार पडली की पगारात काही दिसेल? परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल? ‘डिग्री हवी’ हे दोन शब्द फार स्वस्त असतात. त्यांच्यामागे किती रुपये आहेत ते विचारायचा तुम्हाला नऊ वर्षांच्या कामानं हक्क दिला आहे.

एक कारण मात्र मला भक्कम वाटतं, आणि ते तुमच्या पत्रात नाही. तुम्ही रिटर्नं भरता ती दुसऱ्यांच्या नावावर. स्वतः जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करायची तर पदवी लागते, तीही वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांतली. आणि मग त्यासाठीची परीक्षा असते. म्हणजे उद्या धायरीतच स्वतःचं टेबल टाकायचं मनात आलं, तर बी.कॉम. नसणं हा खरोखरचा अडसर आहे आणि तो दूर केल्यानं खरोखर दार उघडतं. म्हणूनच ‘बी.ए. सोपं पडेल, पदवी ती पदवी’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं ‘राहून गेलंय’ ही रुखरुख असेल, तरी ते कारण हलकं नाही. वडिलांच्या आजारपणात सोडलेली गोष्ट माणसाला बोचत राहते. फक्त मग घाई कशाची?

नणंदेच्या प्रश्नाकडे वळते. तो खवचटपणे विचारला असेल, पण प्रश्न रास्त आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम २०२० सालचे आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठानं या पद्धतींनी दिलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असा खुलासा यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये केला. तेव्हा कागदावर फरक नाही. खासगी नोकरीत समोरचा साहेब काय मानतो हा भाग उरतो, आणि तुमच्या बाबतीत तो साहेब ओळखीचा आहे, विचारून घेता येईल. पण ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाची खातरजमा तुम्हीच करायची. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या (‘डेब’च्या) संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. तिच्यात विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. बी.कॉम. हा अभ्यासक्रम, त्याची पद्धत आणि तुमचं प्रवेशाचं सत्र, तिन्ही जुळले पाहिजेत. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे, असं नसतं.

त्या फोनवाल्यांना एकच सांगा: ‘मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून थेट अर्ज करेन.’ आवाज कसा बदलतो ते बघा. फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला नियमात परवानगी नाही. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो, त्याला आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा क्रमांक लागतो. ‘ते सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आणि हप्त्यानं फी म्हणजे बऱ्याचदा तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. शिक्षण सोडलं तरी हप्ते सुटत नाहीत. अकाउंट्सवाल्या बाईला हे मी काय सांगणार, पण आपल्याच घरचा व्यवहार असला की डोळा चुकतो.

ऑनलाइन आणि दूरस्थ यांत थोडा फरक आहे, आणि तुमच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. ऑनलाइनमध्ये व्याख्यानं, साहित्य, चर्चा, सगळं पडद्यावर. दूरस्थमध्ये छापील पुस्तकं येतात, अभ्यासकेंद्र असतं, तिथे संपर्कसत्रं होतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद, मराठी माध्यमाची सोय, आणि पुण्यातल्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं. इग्नू १९८५ ची, तिचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीही मुक्त अध्ययन प्रशाला आहे. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या तुम्ही संध्याकाळी पुन्हा पडद्यापुढेच बसायचं, हे मला पटत नाही. माझा कौल अभ्यासकेंद्र असलेल्या मुक्त विद्यापीठाला. शिकवणं तिथे फार थोर असेल म्हणून नव्हे. तिथे तुमच्यासारख्याच दोन-चार जणी भेटतील, म्हणून. त्यांतल्या एकीशी तरी मैत्री करा. परीक्षेच्या फॉर्मची तारीख तीच सांगेल.

नेहमीच्या कॉलेजात परत जायचा पर्याय? पुण्यात कॉमर्सचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळीच भरतात, तेव्हा कागदावर तो शक्य दिसतो. पण मुलीची शाळा आणि हजेरीची अट बघता मी तो धरणार नाही. तुमच्या जुन्या एफ.वाय.च्या गुणपत्रिका मात्र शोधून ठेवा. त्यातलं काही धरतात का, हे प्रत्येक ठिकाणी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

इथे जरा थांबून इतर वाचकांना दोन शब्द. या विषयावर बारावी झालेल्या मुलांच्या आईवडिलांचीही पत्रं येतात: ‘मुलगा म्हणतो ऑनलाइनच करतो, कॉलेजात वेळ जातो.’ अठराव्या वर्षी कॉलेजात वेळ जायलाच हवा. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी, फिरोदिया करंडकाची जागरणं, कट्ट्यावरची भांडणं, हे पडद्यावर मिळत नाही आणि नंतर कुठल्याच वयात मिळत नाही. मुलगा मैदानावर, गाण्यात किंवा घरच्या धंद्यात खरोखर गुंतलेला असेल तर गोष्ट वेगळी. दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीनं २०२२ पासून परवानगी दिली आहे, तेव्हा कॉलेज चालू ठेवून जोडीला ऑनलाइन करणंही शक्य आहे. आणि इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं देता येत नाहीत. ‘घरबसल्या बी.ई.’ची जाहिरात दिसली तर पान उलटा.

आता तुमचं. पैसे भरण्याआधी चार आठवडे करून बघा. ही कल्पना माझी नाही. आयआयटी मद्रासनं २०२० मध्ये ऑनलाइन पदवी सुरू केली, तिथे आधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात, मग केंद्रावर बोलावून परीक्षा घेतात, आणि ती पास होणाऱ्याला पुढे प्रवेश मिळतो. कोण टिकेल हे ओळखायचा तो मला प्रामाणिक मार्ग वाटतो. तुमच्यासाठी तो कुणी आखून देणार नाही, तर आपण आखू. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट आहेत. त्यातून बी.कॉम.चं अर्थशास्त्राचं पुस्तक घ्या. अकाउंटिंगचं घेऊ नका, ते तुम्हाला येतं आणि खोटा आत्मविश्वास देईल. त्यातले तीन-चार घटक छापून आणा. अभ्यासिकेची एक महिन्याची खुर्ची घ्या. आठवड्याला साडेअकरा तास. दर रविवारी एका प्रश्नाचं उत्तर वेळ लावून हातानं लिहा, पेन आणि फुलस्केपवर. नऊ वर्षं कीबोर्डवर गेली आहेत, तिसऱ्या पानाला मनगट बोलायला लागतं. हे परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. लेखी परीक्षेला बहुतेक ठिकाणी ७० टक्के वजन असतं.

त्या चार आठवड्यांत किती समजलं ते मोजू नका. किती दिवस बुडाले आणि कशानं बुडाले, ते रोज एका ओळीत लिहा. ‘पाहुणे’, ‘सरांनी थांबवलं’, ‘कंटाळा’, जे खरं असेल ते. महिन्याअखेरीस ती यादी यजमानांसोबत बसून वाचा. दहा वेळा ‘सरांनी थांबवलं’ असेल तर सरांशी बोलायला हवं. दहा वेळा ‘पाहुणे’ असतील तर घरच्यांशी. दहा वेळा ‘कंटाळा’ असेल, आणि तेही अर्थशास्त्र गोष्टीसारखं वाचूनसुद्धा, तर वर्षभर थांबा. त्या पैशात मुलीला घेऊन कोकणात जाऊन या. तोही निर्णयच आहे, हार नव्हे. पाचपर्यंत खाडे झाले तर मी म्हणेन, बेलाशक प्रवेश घ्या.

हे कधी करायचं? मान्यताप्राप्त मुक्त शिक्षणात साधारण दोन सत्रं असतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. सगळी विद्यापीठं दोन्ही सत्रांना प्रवेश देतातच असं नाही, ते बघून घ्या. तुमच्यासाठी जुलै म्हणजे आत्महत्याच. ३१ जुलैची आयकर रिटर्नं, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, ३१ ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांची रिटर्नं, आणि मध्ये गणपती-दिवाळी. नवा अभ्यासक्रम पहिल्या चार महिन्यांतच गुदमरेल. जानेवारीचं सत्र धरा. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. जून सीझनच्या आधी येतो. डिसेंबरात जीएसटीआर-९ हे वार्षिक रिटर्न डोक्यावर असतं खरं, पण ते नोव्हेंबरपासून थोडं थोडं उरकता येतं, हे तुम्ही क्लायंटना दरवर्षी सांगतच असाल.

म्हणजे चाचणी नोव्हेंबरात. दिवाळीचा फराळ संपला की लागलीच. कॅलेंडरवर चार आठवडे आखताना दहा-अकरा आणि एकोणीस-वीस हे दिवस आधीच खोडून टाका, त्या दिवशी अभ्यास होणार नाही आणि त्याचा खाडा धरायचा नाही. ते तास रविवारी भरून काढा.